सहलीच्या पिशवीतले पुस्तक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझ्या अंगी वक्तृत्व नाही. परंतु मंडळाची पुस्तकपेटी माझ्याकडे आहे, आणि हल्ली पेटी उघडली की एकच प्रश्न कानी येतो : "बाई, सहलीला न्यायला एखादे चांगले गाइड आहे का हो?" मंडळाची पुढची सहल बिदर, गुलबर्गा आणि विजापूर अशी ठरते आहे. कोणाची लेक दुबईला असते, ती आईला इस्तंबूल दाखवायचे म्हणते. तेव्हा सुलतानांच्या, बादशहांच्या आणि पीर-अवलियांच्या या जुन्या शहरांना जाताना पुस्तक कसे निवडावे, एवढ्या एकाच गोष्टीवर मी आज बोलणार आहे. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. मी एकदा चुकले, त्या चुकीतून जे शिकले तेवढे सांगते.

ती चूक अशी. आपली दौलताबाद-खुलताबादची सहल तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. सहलीच्या आधी मी एका दुकानातून एक गुळगुळीत कागदाचे, रंगीत चित्रांचे पुस्तक आणले. किंमत बरीच होती, म्हणजे माहितीही तशीच असणार असे मी गृहीत धरले. किल्ल्याविषयी त्यात "चढ सोपा आहे" असे छापले होते. त्या भरवशावर आपण आपल्या दोन वडीलधाऱ्या काकूंना बरोबर घेतले. प्रत्यक्षात सातशेच्या वर पायऱ्या, मध्ये वटवाघळांच्या वासाने भरलेली ती वळणावळणाची अंधारी, आणि आमच्याजवळ एकच बॅटरी! दोघी काकू अंधारीच्या तोंडाशी बसून राहिल्या आणि आपण वर जाऊन येईपर्यंत त्यांचे ऊन-पाण्याचे हाल झाले. पण ते दुखणे गुडघ्यांचे होते, चार दिवसांत गेले. दुसरे दुखणे माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

दुपारी आपण खुलताबादला गेलो. आपल्या मंडळातल्या आपा बरोबर होत्या. दर्ग्याच्या चौकात सगळ्या सावलीला बसल्या आणि मी ऐटीत पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागले. त्या पानावर खुलताबादविषयी चार ओळी होत्या. त्यांत कबरींची संख्या होती आणि बाकी सगळी हेटाळणी होती. तिथे कोण माणसे निजली आहेत, लोक सातशे वर्षे तिथे का येतात, याचा एक शब्द नव्हता. मी वाचत गेले, आणि अर्ध्यावर माझ्या ध्यानात आले की आपा खाली मान घालून चटईच्या काड्या मोडीत बसल्या आहेत. मी पुस्तक मिटले. कोणी काही बोलेना.

थोड्या वेळाने आपाच बोलल्या. लहानपणी आपल्या आजीबरोबर त्या उरुसाला येत, भाकरीचे गाठोडे डोक्यावर असे, ते त्यांनी सांगितले. बुऱ्हानुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे शिष्य, ते १३३७ साली वारले आणि इथे त्यांचा दर्गा झाला, हे सांगितले. जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची उघडी, साधी कबर आहे. १७०७ साली अहमदनगरला मृत्यू आल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आणले, हेही सांगितले. मग म्हणाल्या, "आणि बाई, मलिक अंबरही इथेच आहे." त्या दिवशी आपल्याला जे काही कळले ते आपांच्या तोंडून कळले. विकत आणलेल्या पुस्तकाने मात्र आपल्याच जिल्ह्यात मला परकी करून ठेवले होते, आणि माझ्या तोंडून आपल्याच एका भगिनीचा अपमान करविला होता. घरी आल्यावर मी ठरविले की यापुढे पुस्तक पारखल्याशिवाय पेटीत घ्यायचे नाही.

आता पारखायचे कसे? आपण बाजारात तांदूळ घेताना पोत्यावरचे चित्र बघत नाही, चार दाणे दाताखाली धरून बघतो. पुस्तकाचेही तसेच करावे. विजापूरचे पान आपल्याला तपासता येणार नाही, कारण विजापूर आपण पाहिलेले नाही. म्हणून आधी आपल्या ओळखीच्या जागेचे पान उघडावे. लासूरचे नाव पुस्तकात नसेल तर रुसू नये. आपल्या दाक्षायणी देवीला यायला कोणाला पुस्तक लागत नाही. पण दौलताबाद म्हणजे आपले अंगण, मध्ये एक पोटूल स्टेशन टाकले की आलेच. ते पान वाचावे. यादव राजा भिल्लमाची देवगिरी, १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ साली महंमद तुघलकाने हलविलेली राजधानी, हे तर बहुतेक पुस्तकांत असते. त्यात जनार्दनस्वामी आहेत का ते बघावे. एकनाथमहाराजांचे गुरू या किल्ल्याचे किल्लेदार होते, त्यांची समाधी किल्ल्यावर आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी गड चढतात त्या तेवढ्यासाठीच. आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, ज्यांना सूफी परंपरेत मान आहे आणि ज्यांचे स्थान दौलताबादेतच दाखवितात, ते पुस्तकात आहेत का? ज्या लेखकाला हे दोघेही दिसले नाहीत त्याने किल्ल्याच्या भिंती पाहिल्या, तिथे नांदलेली माणसे पाहिली नाहीत. अशा लेखकाचे विजापूरचे पान मी विश्वासाने का वाचावे?

खुलताबादच्या पानाचीही अशीच परीक्षा घ्यावी. मलिक अंबर हा हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. तो निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० साली खडकी हे शहर वसविले, तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. शहराला पाणी पुरविणारी नहर त्याने बांधली. वेरूळच्या भोसल्यांचे शहाजीराजे १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले, आणि त्यांचे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. अंबर १६२६ साली वारला. त्याची कबर खुलताबादेत, आणि भोसल्यांची गढी जवळच वेरुळात. या दोन गावांची गोष्ट एकत्र गुंफून सांगते ते पुस्तक चांगले. जे एका गावाला "हिंदू स्थळे" आणि दुसऱ्याला "मुस्लिम स्थळे" अशा दोन यादींत टाकून मोकळे होते, त्याला दख्खनचा इतिहास समजलेला नाही.

दुसरी परीक्षा अशी की पुस्तकाला हे कसे कळले, ते पुस्तक सांगते का? याला पुष्कळ विद्वत्ता लागत नाही, घरातला हिशेब ठेवता आला तरी पुरे. बीबी का मकबरा घ्या. पुष्कळ ठिकाणी छापलेले असते की शहजादा आझमशहाने आपल्या आईच्या स्मरणार्थ तो १६५१ ते १६६१ या काळात बांधला. आता हिशेब करा. आई म्हणजे दिलरास बानू बेगम १६५७ साली वारली. मग तिच्या मृत्यूआधी सहा वर्षे तिची कबर कोण बांधील? आझमशहाचा जन्म १६५३ चा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मकबऱ्याच्या पितळी पत्र्याच्या दारावर लेख आहे. त्यात कारागीर अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे असून साल १६६०-६१ येते. तेव्हा हे पोर सात वर्षांचे! सात वर्षांच्या मुलाच्या नावावर एवढी इमारत घालायची, तर काही खुलासा नको का? जे पुस्तक म्हणते, "परंपरेने आझमशहाचे नाव घेतात, परंतु तारखा पाहता हे बापाच्या आज्ञेनेच झाले असावे," ते प्रामाणिक. अताउल्ला हा ताजमहालाचा कारागीर उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा, हे जे सांगते ते त्याहून चांगले. मग मकबरा ताजासारखा का दिसतो हेही कळते, आणि "गरिबाचा ताज" म्हणून नाक मुरडण्याचे कारण उरत नाही.

चांद मिनाराचेही तसेच. एका पुस्तकात त्याची उंची त्रेसष्ट मीटर, दुसऱ्यात तीस मीटर. एकात साल १४३५, दुसऱ्यात १४४५. एकच मिनार पुस्तक बदलले की दुप्पट होतो! मिनारावर फारसी लेख आहे. लेखकाने तो वाचला, की आधीच्या पुस्तकावरून आकडा उतरून काढला, हे दोन पुस्तके शेजारी ठेवली की लगेच उमगते.

याबाबतीत जुना प्रवासी इब्न बतूता आपल्याला धडा देतो. मोरोक्कोचा हा गृहस्थ १३४२ च्या सुमारास दौलताबादला आला होता. किल्ल्याच्या तळघरात मांजराहून मोठ्या घुशी आहेत असे त्याने लिहून ठेवले आहे. आपण हसतो. पण त्याने एक गोष्ट चोख केली : हे आपल्याला कोणी सांगितले, त्या कैद भोगलेल्या सरदाराचे नाव दिले. म्हणजे पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते हे वाचणाऱ्याला कळते. पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे सुचले ते आजच्या रंगीत पुस्तकाला सुचू नये?

तिसरी परीक्षा छपाईच्या सालाची. चूक केलेल्या त्या पुस्तकावर साल कुठेच नव्हते. औषधाच्या बाटलीवर तारीख नसेल तर आपण ती घेऊ का? गुलबर्ग्याचे कलबुर्गी आणि विजापूरचे विजयपूर २०१४ साली झाले. आपल्या जिल्ह्याच्या शहराचे नाव २०२३ साली बदलले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली झाले. जुन्या पुस्तकातले नाव स्टेशनावर शोधीत बसाल तर गाडी निघून जाईल. म्हणून ज्याच्या शेवटी दोन्ही नावांची सूची आहे ते पुस्तक घ्यावे. आणि नुसती नावे बदलत नाहीत, रीतीही बदलतात. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात काही वर्षे बायकांना मजारीपर्यंत जाऊ देत नसत. २०१६ साली उच्च न्यायालयाचा निकाल झाला आणि त्याच वर्षी बायका पुन्हा आत गेल्या. इस्तंबूलची आया सोफिया १९३५ पासून संग्रहालय होती, २०२० साली ती पुन्हा मशीद झाली. आता तिथे डोक्यावर रुमाल हवा आणि नमाजाच्या वेळा सांभाळायला हव्यात. २०१५ चे गाइड हातात असेल तर यातले काहीच कळणार नाही.

इतिहासाला मात्र हा नियम लावू नका. इतिहासाचे जुने पुस्तक पुष्कळदा नव्याहून सरस असते. हेन्री कझिन्सचा विजापूरच्या इमारतींवरचा ग्रंथ १९१६ चा, गुलाम यझदानींचा बिदरवरचा १९४७ चा. त्यांतली मोजमापे आणि नकाशे अजून लोक वापरतात. तेव्हा इतिहास जुन्या ग्रंथातून घ्यावा. वेळ, वाट आणि सुट्टीचा वार नव्या पुस्तकातून. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे आपल्याला पाठ आहे. परगावचे असे वार पुस्तकाने सांगितले पाहिजेत.

चौथी परीक्षा : पुस्तक बघायला शिकविते का? "भव्य", "अप्रतिम", "डोळ्यांचे पारणे फेडणारे" ही विशेषणे मोजा. जितकी विशेषणे जास्त, तितकी माहिती कमी. गोल घुमटाखाली महंमद आदिलशहाची कबर आहे, तो १६५६ साली वारला. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे चव्वेचाळीस मीटर, आणि आत एकही खांब नाही. मग एवढे ओझे उभे कशावर? याचे उत्तर ज्या पुस्तकात आकृती काढून दिले आहे ते घ्यावे. आपल्याला तर ते सहज समजेल. रांगोळीत एक चौकोन काढून त्यावर दुसरा तिरका चौकोन काढला की आठ टोकांची चांदणी होते ना? तशाच एकमेकींना छेदणाऱ्या कमानी तिथे घातल्या आहेत, आणि त्या घुमटाचे ओझे भिंतींवर उतरवितात. एवढे कळले की तिथे नुसते टाळ्या वाजवून प्रतिध्वनी ऐकण्यापलीकडे काही बघितल्यासारखे होते.

अशीच आणखी एक खूण पुस्तकाने पहिल्याच पानांवर सांगावी. नमाज मक्केच्या दिशेला तोंड करून पढतात. आपल्या देशातून ती दिशा पश्चिमेची, म्हणून मशिदीची मेहराबाची भिंत पश्चिमेला असते आणि प्रवेश बहुधा पूर्वेकडून. कैरोला आणि इस्तंबूलला हीच दिशा आग्नेयेकडे येते. हे ठाऊक असले की परक्या गावातही माणूस मशिदीच्या चौकात गोंधळत नाही आणि नमाजाला उभ्या असलेल्यांच्या पुढून जात नाही.

पाचवी परीक्षा खास आपल्यासाठी. बहुतेक गाइडे पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेली असतात. दर्ग्याच्या आतल्या नक्षीचे वर्णन पानभर करतात. परंतु काही दर्ग्यांत बायकांना चौकटीबाहेरूनच दर्शन घ्यावे लागते, हे लिहायला विसरतात. बायकांना कुठे बसता येते, डोक्यावर पदर हवा की ओढणी, शुक्रवारी दुपारी जावे की जाऊ नये, रमजानात दिवसा खाणावळी उघड्या असतात का, पायऱ्या किती, पाणी कुठे, शौचालय कुठे? यात लाजण्यासारखे काही नाही. याची उत्तरे नसल्यामुळेच आपल्यापैकी कितीजणी "तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसते" म्हणतात. ज्या पुस्तकात एवढे एक पान आहे, ते दुसऱ्या बाबतीत थोडे उणे असले तरी मी घेईन.

आणि शेवटची परीक्षा मी खुलताबादच्या चौकात शिकले. पुस्तकातला कोणताही परिच्छेद त्या गावच्या माणसासमोर मोठ्याने वाचता येईल का? वाचताना आपली जीभ अडखळेल असे वाटले तर ते पुस्तक परत ठेवावे. लढाया झाल्या, देवळे पाडली गेली, तेही खऱ्या पुस्तकाने लपवू नये. दौलताबादच्या १३१८ च्या मशिदीत जुन्या देवळांचे खांब आहेत, आणि तीच वास्तू आज भारतमातेचे मंदिर आहे. हे दोन्ही लिहावे. पण खरे सांगणे निराळे आणि हिणविणे निराळे. आपल्या घरातल्या भांडणाची हकीगतही आपण शेजारणीला एका रीतीने सांगतो.

आता "मग घ्यायचे कोणते?" असे विचाराल. आपल्याच भागासाठी पुष्कर सोहोनींचे औरंगाबाद, दौलताबाद, खुलताबाद आणि अहमदनगर यांवरचे २०१५ चे छोटे पुस्तक आहे. त्याच मालेत हेलन फिलॉन यांचे गुलबर्गा, बिदर, विजापूर यांवरचे २०१२ चे आहे; आपल्या पुढच्या सहलीला अगदी नेमके. दोन्ही इंग्रजीत आहेत. परंतु कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुली आहेत की. त्यांनी वाचावे आणि गाडीत आपल्याला मराठीत सांगावे. इस्तंबूलला जाणारीने सम्नर-बॉइड आणि फ्रीली यांचे 'स्ट्रोलिंग थ्रू इस्तंबूल' मिळवावे. ते मूळ १९७२ चे आहे, म्हणून वेळांसाठी दुसरे काही बघावे. पण गल्लीगल्लीतून पायी कसे हिंडावे हे त्याने शिकवावे. आणि मराठीत वाचायचे तर मीना प्रभूंची 'तुर्कनामा', 'इजिप्तायन', 'गाथा इराणी' आहेतच. ती प्रवासवर्णने आहेत, गाइडे नव्हेत, हा फरक ध्यानात ठेवावा. एका मराठी बाईला ते देश कसे दिसले हे त्यांतून कळते. निघण्यापूर्वी घरी वाचावीत, पिशवीत दुसरे पुस्तक ठेवावे.

हातात मोबाइल असताना पुस्तक कशाला, असेही कोणी म्हणेल. वाट दाखवायला मोबाइल चांगलाच. पण अंधारीत त्याला रेंज नसते, आणि त्यावरची माहिती कोणी लिहिली हे पुष्कळदा कळत नाही. मी वर सांगितलेल्या परीक्षा त्यालाही लावाव्यात.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. यंदाच्या शिलकीतून या दोन-तीन पुस्तकांना पैसे मंजूर करावेत. आणि एक पुस्तक आपणच करावे. लासूर ते दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ अशी आठ-दहा पानांची पुस्तिका असावी. त्यात पायऱ्या मोजलेल्या असाव्यात, पाण्याची जागा लिहिलेली असावी, ज्यांना चढवत नाही त्यांनी सावलीला कुठे बसावे ते असावे. जनार्दनस्वामींची हकीगत आपल्या भजनी मंडळातल्या काकूंनी सांगावी. खुलताबादचे पान आपांनी लिहावे. मी त्यांना विचारले आहे. आधी "मला कुठे लिहिता येते" म्हणाल्या, मग म्हणाल्या, "मी सांगते, तुम्ही लिहून घ्या, पण छापण्याआधी मला वाचून दाखवा." ही अट मला फार योग्य वाटली, आणि मी ती कबूल केली आहे.